लिओनार्दोच्या मुलखाचे चित्र

श्रोतेहो, आज मी तुम्हाला एका कागदाची गोष्ट सांगणार आहे. कागद काही फार मोठा नाही. उंची सुमारे १९ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे २८ सेंटिमीटर. म्हणजे शाळेतल्या मुलाच्या चित्रकलेच्या वहीचे पान असते, जवळजवळ तेवढाच. इटली देशात फ्लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथल्या उफ्फीझी या जगप्रसिद्ध संग्रहालयात हा कागद फार जपून ठेवलेला आहे. जुन्या कागदाला आणि शाईला उजेड बाधतो, म्हणून तो बहुतेक वेळ काळोखातच असतो. लोकांना त्याचे दर्शन क्वचितच घडते.

आता या कागदावर आहे तरी काय? तपकिरी पडलेल्या शाईने काढलेला एक देखावा आहे. डाव्या बाजूला खडकाच्या टोकावर तटबंदीची एक गढी उभी आहे. उजव्या हाताला उंच खडकाळ टेकडी, तिच्या माथ्यावर झाडे, आणि कड्यावरून खाली कोसळणारा धबधबा. त्याच्या पायाशी पाणी साठले आहे. या दोन उंचवट्यांच्या मधून आपली नजर एकदम खाली उतरते ती एका रुंद मैदानात. तेथे शेतांच्या रेघा दिसतात, त्या दूर जाता जाता एकमेकींच्या जवळ येत जातात, आणि शेवटी क्षितिजावर डोंगरांच्या फिकट कडा तेवढ्या उरतात. एवढेच. राजा नाही, संत नाही, देवदूत नाही, लढाई नाही. कोणाही खेडुताने गावाबाहेरच्या टेकडीवर बसून पाहावे, असे हे दृश्य आहे.

आणि डाव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली आहे. ती सरळ वाचायला गेलात तर वाचता येणार नाही. अक्षरे उलटी आहेत, उजवीकडून डावीकडे गेलेली. आरसा समोर धरला की वाचता येते. त्या ओळीचा अर्थ असा: बर्फाच्या मारियामाउलीचा दिवस, तारीख ५ ऑगस्ट १४७३.

हे चित्र काढणारा तरुण तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याचे नाव लिओनार्दो. गाव विंची. तेव्हा तुमच्या ध्यानात आलेच असेल. ज्याने पुढे मोनालिसाचे चित्र रंगवले, तोच हा लिओनार्दो दा विंची. त्याच्या हातच्या ज्या कामावर तारीख घातलेली आहे, अशांपैकी आज उपलब्ध असलेले हे सर्वांत पहिले काम.

ऑगस्ट महिना आणि बर्फ, हे कसे काय, असे कोणी विचारील. त्याची एक दंतकथा आहे. रोम शहरात चौथ्या शतकात एका ऑगस्टच्या रात्री एका टेकडीवर बर्फ पडले, आणि तो देवमातेचा संकेत मानून तेथे तिचे देऊळ बांधले, अशी तिकडच्या भाविकांची श्रद्धा. म्हणून ५ ऑगस्टला बर्फाच्या मारियेचा सण. आपण नाही का म्हणत, 'नागपंचमीच्या दिवशी' किंवा 'पोळ्याच्या आदल्या दिवशी'? तशीच ही बोलण्याची आणि लिहिण्याची रीत. तारीख आहेच, पण तिच्या आधी सण.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडे ऑगस्ट म्हटला की डोळ्यांपुढे हिरवेगार शिवार आणि पावसाच्या सरी येतात. लिओनार्दोच्या मुलखात तसे नाही. तिकडचा ऑगस्ट कडक उन्हाचा. गहू कापून झालेला असतो, द्राक्षे वेलीवर पिकत असतात, ऑलिव्हच्या झाडांची राखी-हिरवी पाने उन्हात चमकतात. अशा एका उन्हाळी दिवसाची तारीख या चित्रावर आहे.

आता या तरुणाच्या घरची हकीकत थोडी सांगितली पाहिजे, कारण चित्राचे मर्म तिच्यात आहे.

फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला, पायी चालले तर साधारण एका दिवसाच्या वाटेवर, माँताल्बानो नावाची डोंगरांची एक रांग आहे. तिच्या उतारावर विंची हे लहानसे गाव. भोवती द्राक्षांचे मळे आणि ऑलिव्हची झाडे, आणि खाली आर्नो नदीचे खोरे. या गावातल्या एका घराण्यात दस्तलेखनाचा धंदा पिढीजात चालत आलेला होता. खरेदीखत, मृत्युपत्र, लग्नाचा करार, हुंड्याची नोंद, जे काही कायद्याने पक्के करायचे ते या दस्तलेखकाकडून लिहून घ्यायचे, असा तिकडचा रिवाज. घरातला कर्ता मुलगा पिएरो हाही तोच धंदा करी, आणि पुढे फ्लॉरेन्स शहरात त्याने चांगला जम बसवला.

या पिएरोला १५ एप्रिल १४५२ रोजी, शनिवारी रात्री, कातेरीना नावाच्या स्त्रीपासून मुलगा झाला. तो लिओनार्दो. पिएरो आणि कातेरीना यांचे लग्न झालेले नव्हते आणि पुढेही झाले नाही. पण आजोबांनी, अंतोनियोंनी, हा जन्म लपवला नाही. घरातल्या एका जुन्या दस्तऐवजांच्या वहीत त्यांनी आपल्या हाताने नोंद केली: नातू झाला, अमुक वारी, अमुक तारखेला, रात्रीच्या अमुक प्रहरी. आणि १४५७ सालच्या करआकारणीच्या कागदांत त्यांनी आपल्या घरच्या माणसांमध्ये पाच वर्षांच्या लिओनार्दोचे नाव घातले. मात्र मुलगा अनौरस आहे हेही त्यात लिहिले.

म्हणजे पाहा, घराने मुलाला जवळ केले. परंतु कायद्याने त्याला उंबऱ्यावरच ठेवले. फ्लॉरेन्सच्या दस्तलेखकांच्या संघात अनौरस मुलाला प्रवेश नसे. बापाचा धंदा त्याला बंद. बापाच्या जमिनीवर वारसाहक्कही नाही. लॅटिन भाषेचे रीतसर शिक्षणही त्याला मिळाले नाही. पुढे प्रौढ वयात तो आपल्या आपण लॅटिन शिकू लागला, तेव्हा शब्दांच्या याद्या करून त्या पाठ करीत बसे. बापाने त्याला फ्लॉरेन्सला व्हेरोक्यो नावाच्या नामांकित कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. तेथे मूर्ती होत, चित्रे होत, सोनारकामही होई. १४७२ साली लिओनार्दोचे नाव तेथल्या चित्रकारांच्या संघाच्या वहीत चढले. त्याच्या पुढच्या वर्षीचे हे चित्र.

शहरात राहणारा, नुकताच आपल्या हुन्नरात उभा राहिलेला तरुण. आणि कागदावर काढले काय, तर आपल्या मुलखाचे डोंगर.

आज आपल्याला यात नवल वाटत नाही. डोंगर, नदी, झाडे यांची चित्रे आपण दिनदर्शिकेवर रोज पाहतो. पण त्या काळी गोष्ट वेगळी होती. तेव्हाच्या इटलीत चित्र हा करारावर करायचा माल होता. देवळाचे विश्वस्त किंवा एखादा धनिक चित्र सांगायचा. करारपत्रात लिहिलेले असायचे की चित्रात कोणकोणते संत हवेत, सोने किती लावायचे, निळा रंग कोणत्या प्रतीचा घालायचा. हा उत्तम निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदकशानच्या खाणींतून निघणाऱ्या दगडापासून करीत, आणि तो फार महाग असे. अशा चित्रांतही डोंगर आणि शेते असत. नाही असे नाही. पण ती मागे. पुढे देव किंवा संत, आणि त्यांच्या पाठीमागे पडदा टांगावा तसा मुलूख.

याआधी कोणी शेतशिवाराकडे पाहिलेच नव्हते असे मात्र समजू नका. सिएना शहराच्या सभागृहात अंब्रोज्यो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ साली एक मोठे भित्तिचित्र काढले. त्यात नांगरणी आहे, मळणी आहे, बाजाराला निघालेले शेतकरी आहेत. पण त्याचा हेतू होता राज्यकर्त्यांना उपदेश करण्याचा, की कारभार चांगला असला म्हणजे शिवार असे भरलेले राहते. १४४४ साली कोनराड विट्झ या चित्रकाराने जिनिव्हाच्या सरोवराचा खराखुरा काठ रंगवला; पण त्या पाण्यात येशू ख्रिस्त आणि त्याचे शिष्य आहेत. चीन देशात तर डोंगर आणि पाणी हाच चित्रकलेचा मोठा विषय कितीतरी आधीपासून होता. गुओ शी या चित्रकाराचे वसंतारंभाचे चित्र १०७२ सालचे आहे, आणि त्यावर वर्ष घातलेले आहे. तेव्हा लिओनार्दोने जगात पहिल्यांदा हे केले, असे म्हणणे बरोबर होणार नाही. युरोपात मात्र नुसता मुलूखच चित्राचा विषय आहे आणि वर तारीखही आहे, असे याच्याइतके जुने रेखाचित्र दाखवणे कठीण आहे. हा कागद कोणी मागितला नव्हता. त्याचा करार नव्हता. त्याचे पैसेही मिळायचे नव्हते.

आता ते काढले कसे ते पाहू. साधन म्हणजे पिसाची लेखणी आणि शाई. कागद चिंध्या कुजवून, कुटून केलेला. लिओनार्दो डावखुरा होता, हे त्याच्या रेघांवरूनच कळते. छायेसाठी मारलेल्या तिरप्या रेघा वरच्या डाव्या अंगाकडून खालच्या उजव्या अंगाला उतरतात. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या रेघा साधारणपणे याच्या उलट पडतात.

झाडे त्याने पान आणि पान मोजून काढलेली नाहीत. भराभर मारलेल्या रेघांचे झुबके आहेत. जवळून पाहिले तर ती झाडे वाटतही नाहीत, नुसती रेघोटी वाटते. पण हात लांब करून कागद धरला तर वारा सुटला आहे आणि उन्हात पाने थरथरताहेत असा भास होतो. खडकांचे थर मात्र एकावर एक नीट दाखवले आहेत, पाण्याने कुठे कापले, कुठे झिजवले ते समजावे असे. आणि मैदान? तेथे रेघा बारीक होत जातात. जवळची रेघ ठळक, दूरची पुसट. रंगाचा एक थेंब न वापरता मैलोन् मैल अंतर या एवढ्याशा कागदावर उभे केले आहे.

आता एक प्रश्न सहज येतो. ही जागा नेमकी कोणती? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ विद्वानांनी तिचा शोध घेतला. माँताल्बानोच्या टेकड्या पायाखाली घालून, चित्र हातात धरून, ते गढी आणि धबधबा शोधत हिंडले. कोणी म्हणाले, ही गढी अमुक गावची. कोणी म्हणाले, मधली ती शंकूसारखी टेकडी मोन्सुम्मानोची, आणि खालचे सपाट क्षेत्र म्हणजे फुचेक्क्योची दलदल. आणि काहींनी सांगितले की असे सगळे एका नजरेत दिसेल अशी जागाच नाही. लिओनार्दोने पाहिलेल्या गोष्टी मनाने एकत्र जुळवल्या आहेत. वाद अजून मिटलेला नाही.

मला स्वतःला वाटते की, या वादाने चित्राचे महत्त्व कमी होत नाही. आपल्या गावाचे चित्र मनात येते तेव्हा आपण तरी कोठे मोजणीदारासारखे साखळी धरून उभे असतो? वडाचे झाड एका अंगाला, ओढा दुसऱ्या अंगाला, मारुतीचे देऊळ मधोमध. प्रत्यक्षात ती एका जागेवरून दिसोत की न दिसोत, मनात ती एकत्रच असतात. पण त्या वडाच्या पारंब्या आणि ओढ्याचे वळण आपल्याला नेमके ठाऊक असते. लिओनार्दोचेही तसेच झाले असावे. धबधबा कोणत्या गावचा ते सांगता येत नसेल. पण पाणी खडकावरून कसे पडते ते या मुलाने डोळ्यांनी पाहिलेले आहे, यात शंका नाही.

या कागदाची मागची बाजूही सांगण्यासारखी आहे. २०१९ साली, लिओनार्दोच्या निधनाला पाचशे वर्षे झाली त्या निमित्ताने, फ्लॉरेन्समधल्या तज्ज्ञांनी या कागदाची शास्त्रीय तपासणी केली. चित्र एका बैठकीत पुरे झालेले नसून किमान दोन टप्प्यांत काढलेले आहे, असे त्यांना आढळले. म्हणजे कोपऱ्यातली तारीख एका दिवसाची असली, तरी काम त्या दिवसापुरते नव्हते. कागदाच्या मागे आणखी एक अर्धवट देखावा आहे, आणि एक ओळ आहे. ही ओळ मात्र आपल्यासारखी डावीकडून उजवीकडे लिहिलेली आहे. दोन्ही बाजूंची अक्षरे लिओनार्दोचीच, पुढची डाव्या हाताची आणि मागची उजव्या हाताची, असा निष्कर्ष त्या तज्ज्ञांनी काढला. त्याला दोन्ही हातांनी लिहिता येत होते.

मागच्या ओळीचा अर्थ काय, तर 'मी, अंतोनियोचा मोरांदो, राजी आहे' अशा धर्तीचा. हा मोरांदो कोण, ते बाजूला ठेवा. वाक्याची घडण ओळखीची वाटते की नाही? दस्ताच्या शेवटी असते तशी. अमुकचा मुलगा अमुक, मला हे कबूल आहे. दस्तलेखकाच्या घरात वाढलेल्या मुलाच्या कानावर हीच भाषा दिवसभर पडत असणार.

आणि आता त्या कोपऱ्यातल्या तारखेकडे पुन्हा पाहा. दिवस कोणता, सण कोणता, तारीख, महिना, साल. बाप दस्तावर जशी तारीख घालतो, आजोबांनी नातवाच्या जन्माची जशी नोंद केली, तशीच ही नोंद आहे. ज्या मुलाला त्या मुलखातली एक वीत जमीनही वारसाहक्काने मिळायची नव्हती, त्याने त्याच मुलखाच्या चित्रावर दस्तासारखी तारीख घातली. त्याच्या मनात तेव्हा काय होते ते कोणी सांगू शकत नाही. पण मला तरी ती तारीख वाचताना दर वेळी हेच आठवते.

जमिनीचा विषय निघालाच आहे, तर तोही पुरा करू. पिएरोने चार लग्ने केली. पहिल्या दोन लग्नांतून त्याला वारस मिळाला नाही. पुढच्या दोन लग्नांतून औरस मुले झाली. १५०४ साली पिएरो वारला. मृत्युपत्र केलेले नव्हते. मालमत्तेची वाटणी औरस मुलांत झाली. लिओनार्दोला काही मिळाले नाही. तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता आणि साऱ्या इटलीत त्याचे नाव झाले होते. पण वाटणीच्या कागदावर नावाला काय किंमत?

लिओनार्दोला एक चुलता होता, फ्रांचेस्को. हा शहरात गेला नाही, विंचीलाच राहिला आणि घरची शेती पाहत असे. लहानपणी लिओनार्दो गावात होता, तेव्हा हा चुलता पंचवीस वर्षांच्या आतबाहेरचा तरुण. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हते. मरताना त्याने आपली जमीन लिओनार्दोला लिहून दिली. झाले! सावत्र भाऊ उठले आणि त्यांनी त्या मृत्युपत्राला हरकत घेतली. भावांपैकी एक स्वतः दस्तलेखक होता. १५०७ साली लिओनार्दो मिलान शहर सोडून या दाव्यासाठी फ्लॉरेन्सला आला. त्याच्या बाजूने दोन शब्द टाकण्यासाठी फ्रान्सच्या राजाने, बाराव्या लुईने, फ्लॉरेन्सच्या कारभाऱ्यांना पत्र पाठवले. राजाचे पत्र आले तरी दावा लांबतच गेला. भाऊबंदकी ही सगळीकडे सारखीच, श्रोतेहो. तिला देश नाही की वेष नाही.

पण याच सुमाराची दुसरी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. जमिनीचा दावा चालू होता त्याच काळात लिओनार्दो आपल्या वह्यांत पाणी, दगड आणि डोंगर यांविषयी लिहीत होता. त्यांतली एक वही आज फार प्रसिद्ध आहे; ती साधारण १५०६ ते १५१० या काळातली. डोंगरांच्या थरांत समुद्रातले शिंपले सापडतात ते कसे आले, असा प्रश्न त्याने तिच्यात घेतला आहे. लोक म्हणत, बायबलातल्या चाळीस दिवसांच्या महापुराने ते वर नेले. लिओनार्दोने साधा हिशेब मांडला. शिंपल्यातला जीव दिवसाला चार हातांपलीकडे सरकत नाही. मग तो चाळीस दिवसांत समुद्रापासून अडीचशे मैल आत आला कसा? तेव्हा समुद्रच पूर्वी तेथे असला पाहिजे.

आणि त्याच वहीत तो आपल्या घराजवळच्या डोंगराकडे वळतो. फ्लॉरेन्सच्या खाली आर्नो नदी गोन्फोलिना नावाच्या अरुंद खिंडीतून वाहते. ही खिंड माँताल्बानोच्या रांगेच्या पायथ्याशीच आहे. लिओनार्दोने लिहिले की, फार पूर्वी हा खडक माँताल्बानोशी जोडलेला होता, त्याने बांधासारखी नदी अडवून धरली होती, आणि आज जेथे फ्लॉरेन्स, प्रातो आणि पिस्तोया ही शहरे आहेत तेथे मोठे सरोवर होते. मग पाण्याने खडक कापला आणि सरोवर वाहून गेले. त्या मैदानात पुरातन काळी खरोखरच सरोवर होते, हे आजचे भूगर्भशास्त्रही मान्य करते. सरोवर नाहीसे होण्याची हकीकत त्याने लिहिली तशीच घडली की नाही, हा प्रश्न वेगळा. पण नजर कशी पोहोचली ते पाहा. एकविसाव्या वर्षी ज्याने खडक आणि पाणी शेजारी शेजारी काढले, तोच पन्नाशी ओलांडल्यावर सांगतो की, हा मुलूख पाण्यानेच घडवला आहे. भाऊ बांधासाठी भांडत होते, आणि हा त्या बांधाखालची माती कोठून आली ते शोधत होता.

दूरचे डोंगर निळसर का दिसतात, हेही त्याने असेच शोधले. मधल्या हवेमुळे, असे त्याने सांगितले. आणि चित्रकारांना शिकवले की जितके दूर तितके निळे आणि फिकट करा. मोनालिसाच्या मागे जे डोंगर, पाणी आणि वाटा दिसतात, त्यांत ही शिकवण उतरली आहे. त्या डोंगरांचे बीज मला या वीतभर कागदात दिसते.

दाव्याचे शेवटी काय झाले? दोन्ही पक्षांत पुढे काहीसा समेट झाला असावा असे दिसते. कारण १५१९ साली फ्रान्समध्ये, आंब्वाझ गावी, लिओनार्दोने आपले मृत्युपत्र केले, तेव्हा त्यात फ्लॉरेन्समध्ये ठेवलेली चारशे नाण्यांची रक्कम त्याने आपल्या सावत्र भावांना दिली. २ मे १५१९ रोजी तो वारला. विंची गाव पुन्हा त्याच्या दृष्टीस पडले नाही.

चित्र मात्र गावाला जाऊन आले. २०१९ सालच्या त्या स्मरणवर्षात उफ्फीझी संग्रहालयाने हा कागद काही काळासाठी विंचीला पाठवला. प्रदर्शन १५ एप्रिलला, म्हणजे लिओनार्दोच्या वाढदिवशी, सुरू झाले. ज्या डोंगरांचे ते चित्र, त्याच डोंगरांच्या अंगाखांद्यावर ते लोकांनी पाहिले. चित्र पाहून बाहेर आलेल्या माणसाने मान वर केली, तर समोर ऑलिव्हची झाडे आणि खाली खोरे. लिओनार्दोच्या नावावर तेथे जमीन होती की नाही, हे आता कोणी विचारीत नाही. गाव मात्र त्याच्या नावाने ओळखले जाते.

आता शेवटी दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी.

आपल्या शाळांत मुलांना 'देखावा काढा' म्हटले की, काय होते ते तुम्ही जाणताच. दोन तिकोनी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, तेथून निघालेली नदी, काठावर एक झोपडी आणि एक नारळाचे झाड. कोकणातला मुलगाही तेच काढतो आणि मराठवाड्यातल्या माळावरचा मुलगाही तेच काढतो. त्याच्या गावात पाच कोसांत नारळ नसला तरी! यात मुलांचा दोष नाही. आपल्या डोळ्यांपुढचे शिवार चित्रात घालण्याच्या लायकीचे आहे, असे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

तेव्हा एखाद्या दिवशी मुलांना शाळेबाहेर, टेकाडावर किंवा तळ्याच्या बांधावर घेऊन जा. समोर जे दिसते तेच काढा म्हणावे: बाभूळ तर बाभूळ, दगडाची खाण तर दगडाची खाण, विजेचा खांब तर विजेचा खांब. वेडेवाकडे आले तरी चालेल. आणि चित्र झाले म्हणजे कोपऱ्यात गावाचे नाव, तारीख आणि त्या दिवशी सण असेल तर सणाचे नाव लिहायला सांगा. सगळीच मुले काही लिओनार्दो होणार नाहीत, आणि त्यासाठी हे करायचेही नाही. पण कोणा एखाद्या मुलाला ओढ्याच्या काठचे थर पाहून प्रश्न पडेल की, हे असे एकावर एक का? त्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आले नाही, तर मुलाबरोबर तुम्हीही शोधायला लागा.